ओरिजिनल घेतलाय, तर क्रॅक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खरं तर तुम्ही सगळेच विचारता, लग्नाच्या पंगतीतसुद्धा: ‘गेम पैसे मोजून घेतलायस म्हणतोस, मग क्रॅक कशाला लावतोस?’ क्रॅक म्हणजे गेमचं नक्कल रोखणारं कुलूप चुकवणारी, कुणीतरी बदललेली फाइल. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘आणि इतका जुना कशाला? नवीन घे की.’ दुसऱ्याला मी उत्तर देत नाही. कुमारांच्या कॅसेटी जपणाऱ्या काकांना कुणी म्हणत नाही, नवीन गायक ऐका.

जेल रोडवर एका सीडीत भरपूर गेम मिळायचे, त्या इंदूरचा मी. नोकरी लागल्यावर ठरवलं, आता ओरिजिनलच. पहिला डबाबंद गेम घेतला, बिलासकट. रामबागेतल्या मित्राकडे त्याच गेमची बर्न केलेली डीव्हीडी होती. त्याला मी चांगलं तासभर सुनावलं, की लोक वर्षानुवर्षं राबतात, त्यांचं पोट आहे यावर. तो म्हणाला, ‘भिया, चालतो ना? बस.’

पुढे लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. नवीन टाकली, विंडोज टाकलं, गेमची डिस्क घातली. इंस्टॉल झालाही. मग सिरीयल नंबर मागितला. तो माहितीपुस्तिकेच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर होता. शाई उडालेली, बी की आठ ते कळेना. दोन्ही घालून पाहिले. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.’ फायरवॉल बंद केली, मोबाइलचं नेट जोडलं, तेच. एकट्यानं खेळायचा गेम हो! त्यात दुसरा माणूसच नाही. सर्व्हर फक्त एवढंच बघायला होता, की मी चोर नाही ना. आणि तो कंपनीनं केव्हाच बंद केला होता.

बिलाचा, डब्याचा, त्या पट्टीचा फोटो काढून मेल केला. उत्तर फार गोड आलं: या गेमचा सपोर्ट संपला आहे, आपल्या प्रेमाबद्दल आभार, नव्या भागावर सवलतीचं कूपन सोबत. बाबा बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी मेल चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘बिल आहे, माल आहे. मग अडलं कुठे?’ मी म्हटलं, आपण माल घेतलाच नव्हता, वापरायचं लायसन्स घेतलं होतं. ‘मग बिलावर तसं का नाही लिहिलं?’ यावर मी काय बोलणार? त्यांनी बिल परत फाइलीत लावलं, तारखेप्रमाणे.

शेवटी रामबागेत गेलो. मित्राची डीव्हीडी अजून ठणठणीत चालत होती. तो सुनावेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. त्यानं पेन ड्राइव्ह हातात ठेवला आणि एवढंच म्हणाला, ‘चहा घेणार, ओरिजिनलवाले भिया?’ घरी येऊन एक फाइल बदलली, गेम सुरू.

आता कायदा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. कुलूप तोडणं त्यात गुन्हा आहे, पण हक्क बुडवण्याच्या हेतूनं तोडलं तर. मी वकील नाही, पण हेतूवर बोट ठेवून बसतो. त्या क्रॅकवाल्याच्या हेतूची हमी मात्र मी देत नाही. म्हणून तो गेम नेट नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरच चालतो.

‘कंपनीनं काय जन्मभर सर्व्हर चालवायचे?’ नाही, कुणी म्हणतच नाही तसं. ‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर गेले आणि एकट्यानं खेळणंही संपलं. त्यावरून यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. मागणी एवढीच, की जाताना गेम खेळता येईल असा सोडून जा. ‘नॉकआउट सिटी’वाल्यांनी २०२३ मध्ये आपले सर्व्हर बंद केले, पण लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन गेले. म्हणजे जमतं.

सगळ्यांना जमतं का, इथे मात्र माझंच माझ्याशी भांडण आहे. सर्व्हरच्या कोडमध्ये तिसऱ्याच कंपन्यांचे तुकडे असतात, ते असे वाटून टाकता येत नाहीत. सुरुवातीलाच तशी सोय ठेवली तर गोष्ट वेगळी. पूर्वी मला हा बहाणा वाटायचा, आता अर्धा पटतो. आणि राग तरी कुणाकुणावर काढायचा? विंडोज १० नं २०१५ मध्ये सेफडिस्क या जुन्या डिस्क-कुलपाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नाकारला आणि कितीतरी जुन्या ओरिजिनल डिस्क मुक्या झाल्या. पण तो ड्रायव्हर म्हणजे सुरक्षेला पडलेलं भोकच होतं. मायक्रोसॉफ्टचं काय चुकलं?

हल्ली शक्यतो ‘गॉग’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतो. तिथे इंस्टॉलरच उतरवून ठेवता येतो. दोन हार्डडिस्कवर ठेवतो, बायको हसते. आणि तरी दिवाळीत भाच्याला सर्व्हरवाचून न चालणारा गेम घेऊन दिलाच, कारण त्याचे सगळे मित्र त्यातच असतात. बाबांनी बिल मागितलं. मेलवर आलंय म्हटलं, तर म्हणाले, प्रिंट काढ.