‘हेल ऑर हाय वॉटर’ची मराठी उपशीर्षके : ओसरीवरचा प्रसंग अखेर सुटला

‘हेल ऑर हाय वॉटर’ या अमेरिकी चित्रपटाची मराठी उपशीर्षके करताना ओसरीवरच्या शेवटच्या प्रसंगात अडकून पडल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर तो काल रात्री सुटला.

अडचण संबोधनाची होती. टेक्सास राज्याच्या पोलिसांतला निवृत्त अधिकारी, म्हणजे रेंजर, मार्कस (जेफ ब्रिजेस) टोबीच्या (ख्रिस पाइन) ओसरीवर येऊन बसतो; बँकदरोड्यांमागे टोबी होता हे त्याला पक्के ठाऊक आहे, पुरावा मात्र हाती नाही. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामामुळे दोघांमधले अंतर झाकलेले राहते. मराठीत मार्कसने ‘तू’ म्हटले की तो वडीलधारा वाटतो आणि ‘तुम्ही’ म्हटले की चौकशीला आलेला अंमलदार. टोबीच्या तोंडी ‘तुम्ही’ घातले की तो दबल्यासारखा भासतो, आणि पाइनने नुसत्या स्थिर नजरेने उभा केलेला ताठपणा खालच्या ओळीत वाया जातो. ऑस्करसाठी सहायक अभिनेत्याचे नामांकन ब्रिजेसला मिळाले आणि ते रास्तच होते. तरीही या प्रसंगाचा भार पाइनच्या अबोलपणावर आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

वाट सापडली ती कर्मणी प्रयोगात. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे कर्ता आणि क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘त’ (केलंस, केलंत) गाळला तर समोरच्याला अरे-तुरे केले की अहो-जाहो, हे कळतच नाही. ‘हे सगळं कशासाठी केलं?’, ‘चौघांचा जीव कशासाठी गेला?’, ‘बिअर चालेल?’ अशा संबोधन टाळणाऱ्या ओळींवर सगळा संवाद पेलला गेला, आणि ब्रिजेसच्या शब्द चघळत बोलण्याशीही त्या जुळल्या. मग टोबीची घटस्फोटित पत्नी आणि मुले येतात, बोलणे तुटते आणि टोबी मार्कसला गावातल्या घरी बोलावतो. तिथे मी ‘या एकदा घरी’ असे लिहिले. संपूर्ण प्रसंगातले हे पहिले संबोधन आहे आणि आपल्याकडे त्यात आमंत्रणही असते, आव्हानही.

टी-बोन स्टेकच्या हॉटेलातील वृद्ध वाढपीण गिऱ्हाइकांना काय हवे ते विचारत नाही, काय नको ते विचारते. ‘काय नको?’ या दोन शब्दांत ती जशीच्या तशी मराठीत आली, याचा आनंद दोन दिवस पुरला. टोबीचा दरोड्यांतला साथीदार असलेला भाऊ टॅनर (बेन फॉस्टर) याला गोळी घातल्यावर मार्कसच्या हसण्याचे रडण्यात रूपांतर होते. तिथले ‘(हुंदका)’ मी काढून टाकले. ब्रिजेसच्या चेहऱ्याखाली अक्षरे नकोत.

सॉफ्टवेअरबाबत इतकेच सांगतो की मी वापरत असलेले सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजते आणि वाचता येण्याजोग्या ओळीलाही अक्षरमर्यादा ओलांडल्याची लाल खूण करते. देवनागरीत काम करणाऱ्यांनी ती मर्यादा हाताने वाढवून घ्यावी.

पुढच्या आठवड्यात टाइमकोड (प्रत्येक ओळ पडद्यावर येण्या-जाण्याच्या वेळा) तपासून फाइल पूर्ण करणार होतो, परंतु हे लिहीत असतानाच अल्बर्टोच्या ओळी खटकू लागल्या. गिल बर्मिंगहॅमने साकारलेला हा मार्कसचा सहकारी रेंजर अर्धा कोमांची, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीचा; तो मार्कसचे टोमणे सोसतो आणि वेळ येताच परतवतो. मी मात्र त्याला सरसकट ‘सर, तुम्ही’ देऊन बसलो आहे. चारचौघांत ‘तुम्ही’ आणि मोटेलच्या खोलीत ‘तू’, असे केले तर पुढे डोंगराखाली तो गोळी लागून कोसळतो तेव्हा मार्कसचे काय हरवले हे अधिक लख्ख दिसेल. टाइमकोड थांबवले आहेत. आज रात्री मोटेलच्या प्रसंगापासून पुन्हा सुरुवात करतो.