मूल बुजतं म्हणून आईला बोल लावू नका

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे घरोघरी आरती रंगते, घुमट-शामेळ या वाद्यांचा नाद चढतो आणि एखादं दीड वर्षाचं पोर किंचाळून रडायला लागतं. की लगेच कोणीतरी आते नाहीतर काकी त्याच्या आईला ऐकवणारच, "तूच त्याला कडेवरून खाली सोडत नाहीस, म्हणून असं झालंय." मला हे ऐकवत नाही, कारण ते खरंच नाहीये.

माझ्या बहिणीला जुळं आहे, मुलगा आणि मुलगी. घर तेच, आई तीच, आजीचं अंगाईगीतसुद्धा तेच, पण तो पाळण्यातनंच येईल-जाईल त्याच्याकडे झेपावायचा आणि ही नवीन माणूस दिसलं की मान फिरवून आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. आता बहिणीने लाड केले म्हणावं तर ते दोघांचेही केलेत ना.

शास्त्रज्ञांनीही जुळ्यांवरूनच हे तपासलंय. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचे जीन्स, म्हणजे जनुकं, जवळजवळ सगळे सारखे असतात, आणि बहिणीच्या मुलांसारखी वेगवेगळी जुळी असतील तर इतर सख्ख्या भावंडांसारखे सरासरी निम्मेच. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात, तरी स्वभावाने एकसारखी जुळी एकमेकांच्या जास्त जवळ निघतात. त्यावरून अंदाज असा की मुला-मुलांच्या स्वभावात जो फरक दिसतो त्याचा साधारण २० ते ६० टक्के भाग आनुवंशिक असतो. पण हा आकडा खूप मुलांमधल्या फरकाबद्दल आहे हां, तुमच्या मुलीचा लाजरेपणा अमुक टक्के तिच्या बाबांकडून आला असा हिशेब त्यातून निघत नाही. आणि लाजरेपणाचा म्हणून एक ठरावीक जीन नसतो, खूप सारे जीन्स थोडा थोडा हातभार लावतात.

जेरोम केगन नावाचे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं, आणि पुढे हीच मुलं बुजरी निघण्याची शक्यता जास्त. चार महिन्यांच्या बाळाला कोण काय लाडावणार, सांगा! पण त्यातली सगळी काही बुजरी राहिली नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिथे आईबापांनी प्रत्येक भीतीपासून लपवून न ठेवता थोडं थोडं नव्या गोष्टींसमोर जाऊ दिलं, तिथली मुलं जास्त सावरली.

त्याआधी १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने लहान मुलांचा वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास सुरू केला होता. साधारण १५ टक्के मुलं त्यांना अशी दिसली की ती आधी मागे सरतात, पण वेळ दिला की हळूहळू रुळतात. बहिणीची मुलगी तंतोतंत त्यातली. त्या दोघांचं म्हणणं होतं की मुलाचा स्वभाव आणि घरच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही यावर पुढचं बरंच ठरतं, आणि मला हे शंभर टक्के पटतं, कारण जीन्स आपण बदलू शकत नाही पण आरतीच्या वेळी तिला कुठे उभं करायचं हे तर आपल्याच हातात आहे.

बहिणीने केलं ते एवढंच. दुपारी सगळे जेवून लवंडले की मुलीला घुमटाजवळ न्यायचं, तिच्या बोटांनी हळूच वाजवू द्यायचं, आणि संध्याकाळी आरतीला राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाच्या, पलीकडच्या टोकाला उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती रडलीच, पण नंतर आईचा हात धरून स्वतःहून थोडी पुढे आली, कोणी ओढली नाही.

आता दिवाळीला नरकासुराचे पुतळे येतील, रात्रभर ते स्पीकर. भीती मोडायची म्हणून कोणाच्या पोराला उचलून त्या आवाजासमोर नेऊ नका प्लीज. त्याच्या आईला विचारा ते किती लांबून बघेल, आणि तिथेच त्याच्याबरोबर उभे राहा.