मापात पाप

लॅपटॉपने राम म्हटला, पण त्याच्या पोटातली हार्ड डिस्क ठणठणीत निघाली. टाकून द्यायला जीव होईना. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये एक खण रिकामा होताच. म्हटलं, तिथेच बसवू.

खण साडेतीन इंची, डिस्क अडीच इंची. म्हणजे इंचभर जागा उरणार, असा हिशेब करून उगाच पट्टी लावली. अडीच इंची डिस्क रुंदीला भरली पावणेतीन! मग डेस्कटॉपमधली मोठी डिस्क मोजली, तर साडेतीनची चक्क चार. फरक एकाचा नव्हे, सव्वा इंचाचा. मापात पाप म्हणावं, तर दोघींनीही जास्तच मोजून दिलेलं. खरं तर ही मापं डिस्कच्या अंगाची नाहीतच. थोरली साडेतीन इंची फ्लॉपीच्या खणात बसायची, म्हणून तिला फ्लॉपीचं नाव चिकटलं. फ्लॉपी गेली, नाव राहिलं. धाकटीचं नाव आतल्या तबकडीवरून आलं. तिचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंचाच्या आसपास.

सव्वा इंच भरून काढायला पत्र्याचा ब्रॅकेट मिळतो. त्याच्यात काही अवघड नाही. अवघड ते स्क्रू. लॅपटॉपच्या डिस्कला ३ मिलिमीटरचे बारीक स्क्रू लागतात, खणाला त्याहून जाड. जाड स्क्रू धाकटीच्या भोकात घालायचा हट्ट केला, तर अर्ध्या वळशात अडतो आणि आटे घेऊन बाहेर येतो. मी एक भोक असंच वाया घालवलं. तीन उरली, बास झाली.

वायरींचा मात्र प्रश्नच नव्हता. साटाचे, म्हणजे हल्ली डिस्क ज्याने जोडतात ते जोड दोघींना सारखेच. थोरलीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, धाकटी ५ व्होल्टवर भागवते. केबलमध्ये दोन्ही असतात, हवं ते तिने घ्यावं.

आयडीईच्या, म्हणजे साटाआधीच्या जोडांच्या काळी हे इतकं सुखाचं नव्हतं. डेस्कटॉपच्या डिस्कला ४० पिना, लॅपटॉपच्या डिस्कला ४४, त्याही अधिक दाटीने लावलेल्या. वरच्या चारांतूनच वीज यायची. मध्ये अडॅप्टर लागे, आणि तो उलटा लावला की ५ व्होल्ट थेट डेटाच्या पिनांवर. उलटा बसू नये म्हणून विसाव्या पिनेची जागा मोकळी ठेवलेली असे. पण स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये तिथलं भोक बुजवलेलंच नसायचं. मी तेव्हा अडॅप्टर दोनदा काढून तिसऱ्यांदा लावायचो, आणि तरी कळ दाबताना चेहरा लांब धरायचो.

या वेळी कॅबिनेटचं झाकण न लावताच कळ दाबली. थोरली मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी घरघरू लागली. धाकटीच्या फेऱ्या ५४००. तिची गुणगुण ऐकायला ब्रॅकेटला कान लावावा लागला.