ठाण्याची घंटी आता एकदाच वाजते!

मंडळी, ठाणे सुटलं! लोकल सिम्युलेटर, म्हणजे मुंबई लोकलच्या घोषणा वाजवणारा माझा पायथन प्रोग्राम, त्यातला ठाण्याला दोनदा वाजणारा टिंग-टाँग गेला.

घोळ डायमंडचाच होता, म्हणजे एका क्लासचे (कोडमधल्या साच्याचे) दोन बाप आणि त्या दोघांचा बाप पुन्हा एकच. ठाणे(मध्य, ट्रान्सहार्बर), म्हणजे ठाणे हे या दोन लोकलमार्गांच्या क्लासचं पोर, आणि त्या दोघांचा बाप स्टेशन. ठाण्याची घोषणा() (क्लासमधलं फंक्शन) दोन्ही बापांना नाव घेऊन वेगवेगळं बोलवायची, दोघेही वर स्टेशनला बोलवायचे, म्हणून घंटी दोनदा. आता चौघांपैकी तिघांत बापाचं नाव घेण्याऐवजी फक्त सुपर().घोषणा() आहे आणि साखळी स्टेशनपाशी थांबते. ठाणे.एमआरओ() छापलं की क्लासना हाक मारायचा क्रम दिसतो: ठाणे, मध्य, ट्रान्सहार्बर, स्टेशन, ऑब्जेक्ट (पायथनमधल्या सगळ्या क्लासचा मूळ बाप).

यातली खरी गंमत मध्य क्लासमध्ये आहे. त्याला ट्रान्सहार्बरचा पत्ताही नाही, तरी ठाण्यात त्याचं सुपर() तिकडेच जातं. तीच ओळ डोंबिवली(मध्य) मध्ये थेट स्टेशनकडे जाते. म्हणजे सुपर() बापाला नाही, रांगेतल्या पुढच्याला हाक मारतं, आणि रांग ठरते ती घोषणा करणारी वस्तू कुठल्या क्लासपासून बनली त्यावर. सुपर() आधी आणि स्वतःचं वाक्य नंतर ठेवल्यामुळे घंटी (स्टेशन), मग पनवेल (ट्रान्सहार्बर), मग कल्याण (मध्य) असं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला!

रांग लावणारा सी3 अल्गोरिदम मूळचा डिलन या प्रोग्रामिंग भाषेसाठीचा, पायथनमध्ये 2.3 पासून. पोर बापाच्या आधी, आणि कंसात लिहिलेला क्रम मोडायचा नाही. सी++ मध्ये याच डायमंडला बापाच्या नावाआधी व्हर्च्युअल हा शब्द लिहावा लागतो, नाहीतर स्टेशनच्या दोन प्रती होतात. मला पायथनचीच पद्धत आवडते, कारण रांग छापून बघता येते. या कामात डीबगरपेक्षा (चुका शोधायच्या साधनापेक्षा) ती एक ओळ भारी.

आता अडलंय मेगाब्लॉकवर (दुरुस्तीसाठी मार्ग बंद असतानाच्या घोषणांचा क्लास). वाशी(ट्रान्सहार्बर, हार्बर) आणि सानपाडा(हार्बर, ट्रान्सहार्बर) सुटे छान चालतात. मेगाब्लॉक(वाशी, सानपाडा) लिहिलं की क्लास बनतानाच पायथन टाइपएरर ही चूक दाखवतं. बरोबरच आहे, एक म्हणतो ट्रान्सहार्बर आधी, दुसरा म्हणतो हार्बर. सानपाड्याचा क्रम उलटा करणार होतो, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की मेगाब्लॉक हे स्टेशनच नाही. त्याच्याकडे स्टेशनांची यादी हवी, वारसा (त्यांना बाप करणं) नको. मग तुर्भ्यालाही तेच लावतो: वाशी आणि नेरुळकडचे फाटे यादीत, वारसा फक्त घोषणेपुरता.

तुमच्यापैकी कुणी डेटाक्लास (इनिट आपोआप लिहून देणारी पायथनची सोय) वापरून असा डायमंड केलाय का? प्रत्येक बापाच्या इनिटला (वस्तू बनताना चालणाऱ्या फंक्शनला) आपापले आर्ग्युमेंट, म्हणजे लागणारी माहिती, कसे पोचवलेत, ते कोडसकट टाका.