तुम्ही विचारलंत म्हणून: अजून वाचून दाखवता?

"मुलगा सातवीत गेला, तरी त्याला अजून गोष्टी वाचून दाखवता?" नातेवाईक विचारतात, सोसायटीत विचारतात, पालकसभेलाही कुणीतरी विचारतंच. पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अशानं तो स्वतः कधी वाचणार?"

हो, दाखवतो. जेवणं उरकली की चौघं बसतो आणि एक जण वाचतो. दहावीतल्या लेकीचीही पाळी असते. मुक्काम बहुतेक भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतच. त्यांचा शाळकरी नायक फास्टर फेणे तर आहेच, शिवाय त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. फुरसुंगी म्हटलं की पुण्यात बहुतेकांना कचरा डेपो आठवतो. आमच्या पोरांना तिथला बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, आठवतो. सासवड रोडला लागलो की मागच्या सीटवर दोघांची पैज लागते, कुणाचा फेणेसारखा 'ट्टॉक' आवाज जास्त खणखणीत. हे सगळं ऐकून ऐकून आलंय.

धाकट्याला वाचता येत नाही, असं नाही. इंग्रजी जाडजूड पुस्तकं तो एकटा संपवतो. मराठी वाचायला बसला की जोडाक्षरांपाशी अडतो आणि गोष्ट हातातून सुटते. सायकलवरून पाठलाग चाललाय आणि वाचणारा मात्र एकेक अक्षर लावतोय, यात मजा कसली?

दोन दिवाळ्यांपूर्वीचं सांगते, म्हणजे आम्ही का ऐकत नाही ते कळेल. पाहुण्यांनी घर भरलं होतं. फराळ झाल्यावर हा कोपऱ्यात फेणेचं पुस्तक घेऊन बसला होता. आदल्या रात्री गोष्ट ऐन रंगात थांबली होती, म्हणून पुढचं काय ते स्वतःच बघत होता. माझ्या सांगण्यावरून नाही, आपणहून. एका वडीलधाऱ्यांनी ते पाहिलं. "अरे वा! वाच की मोठ्यानं, ऐकू दे सगळ्यांना." तो नको म्हणाला. त्यांनी खुर्ची मधोमध ओढून त्याला बसवलं. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत अडला, पुन्हा सुरुवात केली, तिथंच पुन्हा अडला. कुणीतरी शब्द सांगितला. पुढच्या शब्दाला दोघांनी सांगितला, एकदमच. मग हसू फुटलं. "मराठी घरातला ना रे तू?" त्यानं पुस्तक मिटलं, पण पानात बोट तसंच ठेवलं होतं. मी उठून जाईपर्यंत विषय फटाक्यांवर गेला होता. थोड्या वेळानं बघितलं, तर बोट काढलेलं होतं.

त्या रात्री म्हणाला, "ते पुस्तक नको." पुढं कितीतरी दिवस मराठी पुस्तकाचं नाव काढलं की उठून जायचा. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी राग गेलेला नाही.

पुन्हा सुरू झालं ते ऐकण्यानंच. यांनी लेकीला व्हर्न वाचून दाखवायला घेतला, तेव्हा हा शेजारच्या खोलीत होता. तिसऱ्या की चौथ्या रात्री तिथूनच ओरडला, "थांबा, हा कोण? आधी काय झालं?"

मुलं लहान असताना मीच म्हणायचे की ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, पुस्तक आणि वाचणारा यांच्यात तिसरं कुणी नको. ते अजूनही पुरतं खोटं वाटत नाही. मी माहेरी माळ्यावर एकटी बसून वाचलेल्या गोष्टींची जी धडधड होती, ती त्याला आमच्या आवाजात मिळत असेल का, शंकाच आहे. पण मला एकटीला कधी न सुचलेले प्रश्न इथं निघतात. त्या काळच्या साहसकथांत मुलींच्या वाट्याला इतकं थोडं का येतं, हे लेकीनं विचारलं आणि गोष्ट बाजूला ठेवून आम्ही झोपेची वेळ टळेपर्यंत भांडत बसलो.

त्यानं मराठी स्वतः वाचावं असं वाटत नाही का? वाटतं, रोज वाटतं. मध्येच तो पुस्तक ओढून एखादी ओळ बघतो, परत देतो. ती ओळ मोठ्यानं वाच, असं मी म्हणत नाही. म्हणायला हवं की नको, यावर घरातही एकमत नाही. यांच्या मते वेळ आली आहे. मला अजून तसं वाटत नाही.