शहाचा झाला चेक

दिवसातून किती वेळा आपण 'चेक' म्हणतो याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मेल चेक कर, गॅस बंद केलाय का चेक कर, बॅगेचं चेक-इन झालं का, शर्ट चेक्सचा घेऊ का प्लेन, चेक वटला का, डॉक्टर म्हणतात दरवर्षी चेकअप करत जा, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो माईकवाला रिकाम्या खुर्च्यांकडे बघत हॅलो चेक, चेक करत असतो ते वेगळंच. एकट्या शब्दाच्या गळ्यात एवढी कामं पडलीत म्हटल्यावर हा मुळात कोण, कुठला, याची जरा चौकशी करावीशी वाटते. (आपलं चेकाळणं यात धरू नका, ते घराणंच वेगळं.)

तर हा मुळात राजा आहे. खरंच. फारसीतला शाह. आपल्याकडचं चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचं जुनं रूप, इराणात गेलं, सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं तेव्हा खेळही त्यांच्या हाती लागला आणि मग स्पेन, इटली अशा वाटांनी तो युरोपभर पसरला. समोरच्याच्या राजावर आपला मोहरा चालून गेला की "शाह!" असं म्हणायचं, म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. या शाहचं लॅटिनमध्ये झालं स्काकस, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्लंडला पोचेपर्यंत पुढचा ए कुठेतरी गळून पडला, राहिला चेक. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन उचलून इंग्रजांनी अख्ख्या खेळाला चेस म्हणायला सुरुवात केली. म्हणजे चेस आणि चेक हे एकाच राजाचं अनेकवचन आणि एकवचन, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता हसत होतो.

आपण मराठीत हा राजा युरोपची प्रदक्षिणा न घालता सरळ फारसीतून घेतला आणि त्याचा शह केला. शह, काटशह, मात केली, मात खाल्ली, यांच्याशिवाय राजकारणाची एक बातमी लिहून दाखवा! तेव्हा चेकला मराठीत शह म्हणतात हे भाषांतर नाहीच, जत्रेत हरवलेले दोन भाऊ आहेत ते. बाकीच्यांचंही गंमतशीर आहे. जर्मन खेळाला शाख म्हणतात, रशियन शाखमाती, म्हणजे सरळ शहमातच. फ्रेंचांकडे एशेकचा अर्थच अपयश असा झालाय. स्पॅनिश लोकांनी मात्र राजाला सोडून चतुरंगच धरून ठेवलं, अरबीतून जाताना त्याचं इतकं रूप पालटलं की आज ते आखेद्रेस म्हणतात, त्यात चतुरंग ओळखू येईल तर शपथ. मातचा अर्थ काय यावरही वाद आहे, अरबीच्या बाजूने गेलं तर राजा मेला, फारसीच्या बाजूने गेलं तर राजा अडकला, हतबल झाला. मला दुसरा जास्त पटतो. कारण बुद्धिबळात सगळे मोहरे मारले जातात पण राजा कधीच मारला जात नाही, त्याच्या एक चाल आधीच डाव संपतो.

आता राजाचा 'तपासणे' कसा झाला? तर तो एकदम नाही झाला, आधी तो 'थांब' झाला. पटावर बसलेल्या माणसाची अवस्था आठवा. त्याचा मोठा बेत चाललाय, दोन चालींनंतर वजीर मारायचाय, हात उचललेला, बोटं घोड्याच्या मानेपर्यंत गेलेली, आणि समोरचा शांतपणे उंट सरकवून म्हणतो, चेक. बेत गेला उडत. आता आधी राजाचं बघा, त्याला हलवा नाहीतर मध्ये कोणाला तरी आणा नाहीतर तो उंटच मारा, चौथं काही करायची परवानगी नाही. म्हणून चेक म्हणजे अचानक बसलेला अडसर, मग अडवणं, मग लगाम घालणं, आणि लगाम घालायचा तर लक्ष ठेवायला हवं, म्हणून शेवटी तपासणं. आइस हॉकीत खेळाडू प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक मारून अडवतो तोही चेक आणि डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवतात तोही चेक, दोन्हीत एकच शब्द. अमेरिकेची राज्यघटना 1787 साली तयार झाली तिच्याबद्दल बोलताना चेक्स अँड बॅलन्सेस नेहमी येतं, सत्ता एकाच्या हातात जाऊ नये म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचा लगाम. म्हणजे नुकतंच राजाचं जोखड फेकून दिलेल्या लोकांनी कोणी पुन्हा राजा होऊ नये म्हणून जो शब्द वापरला, त्याचाच अर्थ राजा. याहून मोठा काटशह काय असणार!

पण माझा सगळ्यात आवडता भाग इंग्लंडच्या खजिन्याचा. बाराव्या शतकात तिथे गावोगावचा महसूल गोळा करणारे शेरीफ वर्षातून दोनदा राजाच्या खजिनदारापुढे हिशोबाला यायचे. तेव्हाचे आकडे रोमन, शून्याचा पत्ता नाही, त्यात बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, कागदावर बेरीज-वजाबाकी करायची म्हणजे शिक्षाच. म्हणून एक मोठं टेबल, साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, कडेने बोटभर नाही चांगली चार बोटं उंच पट्टी, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून, आणि वर काळं कापड ज्यावर रेघा मारून घरं पाडलेली. एक रांग पेनींची, एक शिलिंगांची, एक पौंडांची, पुढे वीस-वीसची, शंभराची असं. वरच्या ओळीत किती येणं आहे त्या सोंगट्या, खाली किती भरले त्या, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वजावट. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपण किती पाण्यात आहोत ते दिसायचं.

त्या घराघरांच्या कापडामुळे टेबलाला आणि मग अख्ख्या खात्यालाच एक्स्चेकर म्हणायला लागले, म्हणजे बुद्धिबळाचा पट. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने 1170 च्या दशकात या खात्याच्या कामकाजावर लॅटिनमध्ये प्रश्नोत्तरांचं पुस्तकच लिहिलं, त्यात हे नाव का, असा प्रश्नही आहे. तो म्हणतो की टेबल पटासारखं दिसतं हे तर आहेच, पण इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यातही डाव रंगतो आणि बाकीचे बघत बसतात. सरकारी अधिकाऱ्याला इतकी विनोदबुद्धी होती याचं मला फार कौतुक वाटतं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर म्हणूनच बजेट मांडतो, टेबलक्लॉथच्या नावाने.

कापडाचे चेक्स ते असे पटावरूनच आले. शर्टाचे, शर्यत संपल्यावर फडकवतात त्या झेंड्याचे, आणि ब्रिटिश पोलिसांच्या टोपीवरच्या पट्टीचेही, ती पट्टी 1932 मध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी सुरू केली.

बँकेचा चेक मात्र कापडावरून नाही आला. अठराव्या शतकात हुंडीसारख्या कागदाचा जो भाग फाडून बँकेकडे राहायचा, ज्याला आपण स्थळप्रत म्हणतो, त्याला चेक म्हणायचे, कारण खोट्या कागदाला आळा घालायचं काम तो करायचा. नंतर नाव मागे राहिलेल्या तुकड्यावरून पुढे गेलेल्या कागदालाच चिकटलं. इंग्रजांना वाटलं एवढ्या पैशाच्या वस्तूचं स्पेलिंग जरा भारदस्त हवं, एक्स्चेकरकडे बघून त्यांनी शेवटी क्यू-यू-ई जोडलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं. त्यामुळे अमेरिकेत हॉटेलात जेवणाचं बिल म्हणजे चेक आणि ते भरायला खिशातून काढायचा तोही चेक, वेटरचा आणि गिऱ्हाइकाचा काय गोंधळ होत नसेल कोण जाणे. तिथलाच रेन चेक, बेसबॉलची मॅच पावसाने धुतली की तिकिटाचा उरलेला तुकडा पुढच्या मॅचला चालायचा, आता मात्र कोणाचं बोलावणं गोड बोलून टाळायला वापरतात.

आणि चेक प्रजासत्ताक? तो संबंधच नाही, ते त्या लोकांचं स्वतःचं नाव, इंग्रजी स्पेलिंग तेवढं पोलिश वळणाचं. इंग्रजीत हे तीन शब्द डोळ्यांना वेगळे दिसतात, देवनागरीत तिघंही चेक. प्रागमधला माणूस बँकेत कागद तपासतोय हे मराठीत लिहायचं तर चेक चेक चेक करतोय, माईकवाल्यासारखंच.

एवढं सगळं झाल्यावर मी सहज बुद्धिबळाचे नियम चाळले, तर स्पर्धेत राजाला शह दिल्यावर चेक असं तोंडाने म्हणणं बंधनकारक नाही. मुरलेले खेळाडू तर म्हणतच नाहीत, उलट कोणी म्हटलं तर समोरचा वैतागतो, की मला दिसत नाही का? फोनवर खेळताना राजाचं घर नुसतं लाल होतं. चेक म्हणायची हौस असेल तर घरातल्या पोरांबरोबर खेळावं, ती अजून टेबलावर हात आपटून ओरडतात.