तुम्ही विचारलंत म्हणून: नगरपालिकेच्या सभेत नेमकं ठरतं काय?

"दोन महिन्यांनी एकदा सभा भरते, तास-दोन तास आरडाओरडा होतो, चहा होतो आणि सगळे घरी जातात. तिथं खरंच काही ठरतं का हो?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही भेटलेलं माणूस मला हे विचारतं. एका 'क' वर्ग, म्हणजे लहान शहराच्या, नगरपालिकेत माझ्या नोकरीचा मोठा काळ सभा लिपिक म्हणून गेला. विषयपत्रिका तयार करायची, ती सदस्यांना पोचती करायची, सभेत बसून टिपणं घ्यायची आणि मग इतिवृत्त, म्हणजे सभेचा अधिकृत वृत्तांत, लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो हे बरोबरच आहे.

ठरतं. पुष्कळ ठरतं. नळाला पाणी किती दिवसांआड, घंटागाडी तुमच्या बोळात शिरणार की कोपऱ्यावरून परत फिरणार, आठवडे बाजारात भाजीवालीकडून किती रुपये घ्यायचे, घरपट्टीची नवी आकारणी कधीपासून, हे सगळं त्या सभागृहातून जातं. फक्त आवाज चढतो तेव्हा ते सहसा ठरत नसतं. ते ठरावाच्या चार-सहा ओळींत ठरतं, आणि त्या ओळी किती जण वाचतात यावर गावाचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

सभेची सुरुवात सभागृहात होत नाही, शिपायाच्या सायकलवर होते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते, विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही. आमचे शिपाई मामा विषयपत्रिकांचा गठ्ठा आणि पोच वही घेऊन निघायचे. सदस्य घरी नसला तर घरातल्या मोठ्या माणसाची सही. घराला कुलूप असेल तर दारावर चिकटवून पंचांच्या सह्या. आता विषयपत्रिका मोबाइलवरही जाते, तरी मी त्या सहीच्या वहीला फार जपायचे. कारण ज्याला विषय आधी कळला, तो त्या आठवड्यात जागेवर जाऊन बघून येऊ शकतो. ज्याला सभेतच कळला, तो नुसता हात वर करू शकतो. म्हणूनच विषयपत्रिकेच्या 'ऐनवेळचे विषय' या शेवटच्या ओळीकडे मी नेहमी धास्तीनं बघत आले. तातडीचा विषय असतो, नाही असं नाही; पुरात पाइपलाइन वाहून गेली तर सात दिवस कोण थांबणार? पण मोठ्या रकमेचा ठेका ऐनवेळी आला की समजावं, तो कुणी वाचू नये असं कुणाला तरी वाटतंय.

पहिला विषय कायम एकच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. लोकांना ही औपचारिकता वाटते. निम्मी भांडणं मी याच विषयावर ऐकली आहेत, आणि ती भांडणं योग्य होती. "मी विरोध केला होता, इथं सर्वानुमते का लिहिलंय?" असं एखाद्यानं विचारलं की सभागृह गप्प व्हायचं. 'सर्वानुमते' आणि 'बहुमताने' यात पुढं जबाबदारीचा प्रश्न असतो. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, वसुली लागली, तर त्या दिवशी कोण काय म्हणालं होतं हे त्या पानावरून बघतात. विरोध केलेल्या सदस्यानं तो नावानिशी नोंदवून घ्यावा, हे मी प्रत्येक नव्या सदस्याला सांगायचे.

एक प्रसंग सांगते. विषय अगदी साधा होता: पाणीपुरवठ्यासाठी तुरटी आणि टीसीएल (जंतुनाशक) पावडर खरेदीच्या देयकांना मंजुरी. असे विषय वाचेवाचेपर्यंत मंजूर होतात. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक ताई उठल्या. महिला राखीव जागेवरून आलेल्या. सभेत त्यांच्या वतीनं यजमानच बोलतील असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं होतं, आणि यजमानांना सभागृहात सदस्यांमध्ये बसायची परवानगी नाही हे ताईंनी पहिल्याच दिवशी स्वतः सांगितलं होतं. त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, "सीओ साहेब, जुलैत आणि जानेवारीत तुरटी सारखीच कशी लागते?"

पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं, गाळ खाली बसवायला तुरटी जास्त लागते. थंडीत पाणी निवळतं, तुरटीही कमी लागते. स्वयंपाकघरात पावसाळ्याचं पाणी गाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. देयकांत मात्र बाराही महिने पोती तेवढीच होती. ताई आदल्या आठवड्यात जलशुद्धीकरण केंद्रावर जाऊन आल्या होत्या, ऑपरेटरकडून रोजच्या वापराचं रजिस्टर मागून आकडे वहीत उतरवून आणले होते. त्यांनी ती वही उघडली आणि एकेक महिना वाचून दाखवला. पाणीपुरवठा अभियंत्याकडे उत्तर नव्हतं. विषय तहकूब झाला. पुढच्या सभेत देयकं कमी होऊन आली, आणि ठरावात ताईंच्या सूचनेवरून एक ओळ वाढली: 'दैनंदिन वापराच्या नोंदवहीची प्रत सोबत जोडल्याशिवाय देयक अदा करण्यात येऊ नये.' ती ओळ मी लिहिली आहे, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढच्या वर्षांत त्या एका ओळीनं नगरपालिकेचे जे पैसे वाचवले, ते कुठल्याही भाषणानं वाचवले नव्हते. त्या दिवशी सभेत आवाज चढला नव्हता. पत्रकार बाकावरच्या दोघांनी बातमीही केली नाही.

ठराव कसा लिहावा, यावर मी तासभर बोलू शकते. 'प्रभागातील रस्ता दुरुस्त करण्यात यावा' या ठरावाला काहीच अर्थ नाही. कुठून कुठपर्यंत, गटार एका बाजूला की दोन्ही, खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या लेखाशीर्षातून, हे नसेल तर तो कागद फायलीत राहतो. एका गल्लीचा काँक्रीट रस्ता झाला, गटार कागदावर आलंच नव्हतं. रस्ता उंच झाला, आणि पहिल्या पावसात पाणी लोकांच्या उंबऱ्याच्या आत. रहिवासी चिडून पालिकेत आले तेव्हा त्यांना दाखवण्यासारखं एकच होतं, जे मंजूर झालं तेवढं काम झालं आहे.

आणि ठराव कागदावर नीट असूनही अंमलात आला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातल्या एका छोट्या नगरपालिकेचंच आहे. 1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा. त्याला धरून महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो नुसता इतिवृत्तात राहिला. तळ्यावर जायची अस्पृश्यांना मुभा मिळाली नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्याचं पाणी घेतलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. पुढं प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. एवढा मोठा लढा एका गावाच्या पालिकेच्या सभागृहातूनही गेला, हे नव्या सदस्यांना शपथेच्या दिवशीच सांगायला हवं. तिथंही असेच विषय क्रमांक टाकून हात वर झाले असतील.

आता पैशाचं, कारण तिथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "नगरसेवकानं आमचा रस्ता अडवलाय" असं लोक म्हणतात. कधी खरं असतं. पण 'क' वर्ग पालिकेच्या हातात स्वतःचे पैसे फार थोडे. 1999 ला नगरपालिकांची जकात गेली, तिच्या बदल्यात सरकारकडून अनुदान येऊ लागलं, आणि आमच्याकडं त्यातलं बहुतेक पगारात जायचं. स्वतःची म्हणावी अशी जमा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार वसुली. बाकी रस्ते, सभागृहं, बागा हे सगळं योजनांच्या पैशातून: नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, जिल्हा नियोजनचा निधी, वित्त आयोग. योजनेचा पैसा योजनेच्याच कामाला लागतो. वित्त आयोगाच्या निधीतलाही मोठा भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेपुरताच. त्यातून कुणी कितीही हट्ट केला तरी चौक सुशोभीकरण होत नाही. म्हणून पाणीपट्टीचा विषय आला की मी कान टवकारून ऐकायचे. पाणी उचलण्याच्या पंपांचं वीजबिल दरवर्षी वाढतं, पाणीपट्टी वाढवायला कुणी तयार नसतं, आणि मधला खड्डा दुसऱ्या कामांचे पैसे वळवून भरला जातो. निवडणूक जवळ असली तर हा विषय सहा-सहा सभा तहकूब होतो. मला तो भित्रेपणा वाटतो आणि मी तो तसाच म्हणते. दर वाढवा किंवा वाढवू नका, पण नळाच्या पाण्याला प्रत्यक्ष खर्च किती येतो तो आकडा सभेत मोठ्यानं वाचा.

निवृत्तीआधीची माझी शेवटची काही वर्षं प्रशासकाच्या, म्हणजे निवडलेल्या सदस्यांऐवजी सरकारी अधिकाऱ्यानं कारभार बघण्याच्या, काळात गेली. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या पालिकांची मुदत 2021 संपता-संपता आणि त्यानंतर लगेच संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद कोर्टात अडकले आणि मतदान झालं ते थेट डिसेंबर 2025 मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं घटनेच्या 243-यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेलं असताना जवळपास चार वर्षं गावांना सभागृहच नव्हतं. त्या काळात कामं थांबली नाहीत. उलट काही कामं भराभर झाली, हे मी मान्य करते. अधिकारी मेहनती असेल तर फायली हलतात. ठरावाला क्रमांक पडायचा, मजकूर तसाच असायचा, सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) यांच्या जागा मात्र रिकाम्या. पुष्कळ गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव ज्यांच्या सहीनं यायचा, मंजुरीही त्यांच्याच सहीनं. तुरटीचा प्रश्न विचारायला कुणी उभं राहणार नव्हतं. सभागृहाचं दार उघडून आम्ही महिन्यातून एकदा झाडून घ्यायचो आणि परत कुलूप लावायचो. ज्यांना सभा म्हणजे नुसता गोंधळ वाटतो, त्यांनी ती चार वर्षं आठवावीत. गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, हे तेव्हा माझ्या ओळखीच्या सुशिक्षित माणसांनाही माहीत नव्हतं.

आता पुन्हा सभा सुरू झाल्या आहेत. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडलेले. त्यामुळे काही ठिकाणी अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं अशी स्थिती आहे. तिथं वाद होणारच. त्याला घाबरायचं कारण नाही. बेकायदा ठराव झाला तर त्याच 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात, तेवढी सोय कायद्यात आहे. मला काळजी वेगळीच आहे. नवे सदस्य तरुण आहेत, मोबाइलवर कामाचे फोटो टाकण्यात तरबेज आहेत. पण टिप्पणी, म्हणजे विषयासोबत कार्यालय जोडतं तो कागद, वाचणं हे कंटाळवाणं काम आहे आणि ते दुसरं कुणी करून देत नाही. टिप्पणीच्या पहिल्या पानावर काय करायचं ते असतं, शेवटच्या पानावर दर आणि अटी. ठेक्याच्या मुदतवाढीच्या विषयात तर शेवटचं पान आधी वाचावं: मूळ ठेका कधी संपला, आतापर्यंत किती वेळा वाढवला, दर कोणत्या सालचा.

"आम्ही काय करायचं मग?" हा पुढचा प्रश्न असतोच. सभा नागरिकांना ऐकता येते. मागं खुर्च्या असतात आणि त्या बहुतेक रिकाम्या असतात. विषयपत्रिका कार्यालयाच्या फलकावर लागते, तिचा मोबाइलवर फोटो काढा. आपल्या गल्लीचा विषय असेल तर सदस्याला सभेच्या आधी भेटा, नंतर नव्हे. मंजूर ठरावाची नक्कल अर्ज करून मिळते. ती मागा आणि त्यात कुठून कुठपर्यंत लिहिलंय ते स्वतःच्या गल्लीत उभं राहून ताडून बघा. एकच सभा गाठायची असेल, तर फेब्रुवारीतली अंदाजपत्रकाची गाठा. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे 5 टक्के पैसे गेल्या वर्षी कशावर खर्च झाले, हा प्रश्न आपल्या सदस्याकडून त्या सभेत विचारून घ्या, आणि आलेलं उत्तर इतिवृत्तात लिहायला सांगा.